भिंगरीची उजवी बाजू

सोमवारी सकाळी चहाचे कप टेबलावर टेकलेही नव्हते, तोच मोजणीनं हात वर केला. शाळेत उत्तर येणारी मुलगी करते तसा, खांद्यापासून ताठ.

तिला सगळे मोजणीच म्हणत. कारखान्यात आल्यापासून पंधरा वर्षं ती गाड्या मोजत होती. खऱ्या गाड्या मोजायच्या, त्यांचा चोविसावा हिस्सा कागदावर उतरवायचा, आणि खाली साचेवाल्या काकांच्या हवाली करायचा. काका ते पोलादात कोरायचे. मग प्लास्टिक वितळायचं, साच्यात शिरायचं, थंड व्हायचं, आणि चौकटीला लटकलेले भाग बाहेर पडायचे, फांदीला फळं लटकावीत तसे. भागांचा डबा विकत घेणाऱ्यानं ते एकेक कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि महिन्याभरानं वीतभर लांबीची गाडी फळीवर ठेवून घरच्यांवर ओरडायचं, "हात लावू नका!"

"बोल," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे मालकीणबाई. वडिलांमागे त्यांनी कारखाना सांभाळला होता, आणि बोलताना शब्द असे मोजून वापरत, जणू तेही साच्यातूनच काढावे लागतात. "वर्षाला नवा साचा एक. कोरायला आठ महिने. कोणती गाडी?"

"लाल गाडी," काका मोजणीच्या आधीच म्हणाले. कोणती लाल गाडी हे कुणी विचारलं नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली, भिंतीभिंतीवर चिकटलेली ती.

"काका, तिचे साचे जगात किती झाले?"

"सतरा."

"मग अठरावा कशाला?"

"सतरा जणांच्या खपल्या म्हणून. जिथं रांग लागते ना पोरी, तिथंच भजी... जाऊ दे, तिथंच माल खपतो."

"मला भिंगरी करायचीय," मोजणी म्हणाली, आणि तिनं एक फोटो टेबलावर सरकवला.

दोन माणसांची, बुटकी, रुंद खांद्यांची उघडी गाडी. नाक खाली, पाठ वर. मांजर उडी मारण्याआधी दबा धरतं तशी. बाईंनी फोटो हातात घेतला, उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

"ही कोण?"

"हिच्या नऊच झाल्या. मग तो कारखाना बुडाला. आठ मोडीत गेल्या. नववी इथून बसनं तासाभरावर उभी आहे."

"तुला कुठं भेटली?"

"दाढ दुखत होती, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तोंडात हत्यारं, आणि समोर भिंतीवर हा फोटो. मी 'आं आं' करून बोट दाखवतेय, आणि त्या म्हणतायत, 'दुखतंय का? अजून एक सुई देऊ?'" टेबलाभोवती हशा पिकला, पण मोजणी थांबली नाही. "त्यांचे वडील त्या कारखान्यात पत्रा ठोकायचे. कारखाना मोडला तेव्हा त्यांनी ही घरी आणली. बाई, लाल गाडी कुठं जात नाही. उद्या आपण तिला विसरलो तरी ती राहणार. हिचं मात्र कुठं चित्र नाही, पुस्तकात दोन ओळी नाहीत. आपण केली नाही, तर ती कधी होतीच नाही असं होईल."

"जिला कुणी ओळखत नाही, तिच्या लग्नाला कोण येणार?" काका म्हणाले.

"एकदा नवरी बघू तर द्या लोकांना!"

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "दहा दिवस. दहाव्या दिवशी अकरा वाजता थ्रीडी प्रिंटरवर काढलेला नमुना या टेबलावर. कोरडी जुळणी. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, 'नंतर घासून घेऊ' नाही. बसली तर साचा भिंगरीचा. नाही बसली तर लाल, आणि तू तोंड वाकडं करायचं नाहीस."

कोरडी जुळणी म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाई डोळे मिटायच्या आणि करंगळीचं नख सांध्यावरून फिरवायच्या. नख अडलं, की संपलं. संगणकाला चकवता येतं, नखाला नाही, असं त्यांचे वडील म्हणत.

मोजणी जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याला दुपारची सुट्टी दिली आणि गॅरेजचं शटर उचललं. त्यांचे आईवडील घरी नव्हते. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि आई त्यांच्याबरोबर इस्पितळात राहिली होती.

"बाबा असते तर तुम्हाला मोजूच दिलं नसतं. नुसतं सांगत बसले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चादर ओढली.

भिंगरी तिथं होती. निळा रंग ठिकठिकाणी उडालेला, चारी चाकांतली हवा गेलेली, पण पाठ तशीच वर. गॅरेज इतकं अरुंद, की गाडीची उजवी कूस भिंतीला जवळजवळ टेकलेली. मधून उंदीरही अंग चोरूनच गेला असता.

मोजणी धावतच गाडीजवळ गेली. तिनं पिशवी उपसली. लांब पट्टी, कॅलिपर, ओळंबा, आणि तिची लाडकी फणी. ही केसांची नव्हे. तिचे बारीक सरकते दात पत्र्यावर दाबले, की ते आत-बाहेर होतात आणि पत्र्याचं वळण जसंच्या तसं दातांवर उमटतं. एकेक वीत फणी लावायची, कागदावर उतरवायची, पुढची वीत.

"आणि त्या बाजूचं?" डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"ती हीच. उलटी. आमच्याकडे पहिल्यापासून नियम आहे, अर्धी मोजा, अर्धी उलटवा. माणसाचा चेहरा दोन्हीकडे वेगळा असेल, गाडीचा नसतो."

पुढची काच आणि बॉनेट तेवढे अख्खे मोजले, कारण ते एकसंध होते. नाकावरचा बिल्ला झिजला होता. त्याचा ठसा डॉक्टरीणबाईंनीच काढून दिला, दाताचा काढतात त्या गुलाबी मातीत. "तोंड उघडा," त्या गाडीला म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

नंतरचे दिवस वाऱ्यासारखे उडाले. मोजणी संगणकासमोर बसली की घरचा डबा तसाच परत जायचा. नवरा फोनवर म्हणाला, "तुझ्या त्या निळीला विचार, तिच्या घरी मला जेवायला बोलावते का. आमच्याकडे तर कुणी नसतंच." वळणावर वळण जुळत होतं. डावी बाजू पुरी झाली, तिनं कळ दाबली, आरशात पाहावं तशी उजवी बाजू क्षणात उभी राहिली. गाडी पडद्यावर गोल फिरू लागली. मोजणी खुर्चीवरून उठली आणि तिच्याबरोबर एक गिरकी तिनंही घेतली. दार उघडं आहे हे नंतर लक्षात आलं.

आठव्या दिवशी सकाळी प्रिंटरमधून भाग निघाले. राखाडी, गुळगुळीत, कोमट. काका शेजारी उभे. तिनं तळ ठेवला, वर अंग ठेवलं, छान बसलं. मग पुढची काच.

काच बसेना.

डावीकडे टेकवली तर उजवीकडे वर राही. उजवीकडे दाबली तर डावीकडून उडे. बॉनेटचंही तेच; तोंड फाकलेल्या डब्यासारखं, कुठून तरी उघडंच. तिनं कॅलिपर लावला. काचेची जागा दीड मिलिमीटरनं अरुंद होती. दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटर. मोजणीची पंधरा वर्षांत एवढी चूक झाली नव्हती.

"काच चुकली असेल," काका म्हणाले. "घास दीड मिलिमीटर. बॉनेटची कड पण घे. दुपारपर्यंत बसते."

"काच मी तीनदा मोजलीय, काका."

"अगं, मग बसत का नाही?"

"तेच तर बघायचंय."

"कशाला बघायचंय? लाल गाडीचा एक स्क्रू चुकला तर शंभर पत्रं येतात. हिच्यासाठी कोण पत्र लिहिणार? हिला बघितलेलं माणूस तरी आहे का?"

मोजणीनं काच खिशात टाकली आणि बस पकडली.

*

गॅरेजच्या दारात दोन खुर्च्या होत्या. एकीवर डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले म्हातारे, दुसरीवर वाटीत काहीतरी निवडत बसलेल्या बारीक चणीच्या आजी. मोजणीनं घाईघाईनं सगळं सांगितलं. काच, दीड मिलिमीटर, दोन दिवस, लाल गाडी.

म्हातारे ऐकत होते. मग त्यांनी मान तिरकी करून उघड्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"उजवी बाजू कशी मोजलीत?"

"उलटवली."

मग आजींच्या हातातली वाटी हिंदकळू लागली. त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे गदागदा हलवत.

"ऐकलंत? तुमचीच बाजू दोन्हीकडे! मी म्हणजे आरशात सुद्धा नाही!"

"हसू नकोस, पोरगी रडकुंडीला आलीय," म्हातारे म्हणाले, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. "अहो ताई, डावी बाजू मी ठोकली. उजवी हिनं. मधे लाकडी सांगाडा, अलीकडे मी, पलीकडे ही. नऊच्या नऊ गाड्या अशाच."

"तुम्ही पण पत्रा ठोकायचात?" मोजणीनं आजींना विचारलं.

"मग काय नुसतं पाणी द्यायची? हा बघ हात." मनगट काडीसारखं होतं, पण अंगठ्याच्या मुळाशी गोटी भरावी तसा टणक गोळा. "लाकडी मोगरी आणि वाळूची पिशवी. यांचा हात भारी, माझा हलका. हे चार ठोक्यांत वळण घ्यायचे, मी चाळीस. म्हणून माझी बाजू भरली. गुटगुटीत."

"फुगली," म्हातारे म्हणाले.

"तुमची बसली!"

"माझी नकाशाप्रमाणे होती."

"नकाशा काढणाऱ्यानं कधी पत्रा हातात धरला होता? माझी पत्र्याला पाहिजे तशी होती!"

"पन्नास वर्षं हेच चाललंय," म्हातारे मोजणीला म्हणाले. "मालकानं एकदा पट्टी लावली, आणि दोन बोटं फरक निघाला. ओरडला. मग चालवून बघितली. परत आल्यावर काचा तेवढ्या नव्या कापून घेतल्या, बाजूंना हात लावला नाही."

"आणि जाहिरातीचे फोटो सगळे यांच्या बाजूचे," आजी म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला होता असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. पण मोजणीनं खिशातली काच मुठीत घट्ट धरली. तिची नव्हती चूक. काचेचीही नव्हती. चुकला होता तो तिचा नियम.

"गाडी बाहेर काढायला पाहिजे," ती म्हणाली. "आत्ता."

"चाकांत हवा नाही."

"ढकलू."

आणि काय ती ढकलाढकली! डॉक्टरीणबाई दवाखान्यातून पांढऱ्या कोटातच धावत आल्या, त्यांच्यामागे एक रुग्ण, गालात कापूस धरून. समोरचा न्हावी वस्तरा ठेवून आला, आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं. म्हाताऱ्यांना कुणी हात लावू देईना, म्हणून त्यांनी तोंडानंच गाडी ढकलली. "डावीकडे दाब! अरे, तुझ्या डावीकडे नाही, तिच्या!" रबर करकरलं, कुणाची तरी चप्पल चाकाखाली आली, शटरला नाक घासता घासता वाचलं, आणि भिंगरी एका हिसक्यासरशी रस्त्यावर आली.

उजव्या बाजूवर ऊन पडलं.

तिथला रंग उडालाच नव्हता. भिंतीनं तो जपला होता. चाकावरचं वळण पुढून उगवून, थोडं थांबून, भरून येऊन मागे ओघळलं होतं. डावीकडे जे एका दमात होतं, ते इथं श्वास घेत घेत होतं. कापूस धरलेला रुग्ण काहीतरी बोलला, ते कुणाला कळलं नाही, पण ते कौतुकच होतं.

मोजणी गुडघ्यांवर बसली आणि फणी लावली. आजी तिच्याजवळ आल्या. तिनं फणी पुढं सरकवली, की आजींचा तळहात त्याच जागी पत्र्यावर फिरे. फिरता फिरता ओठ हलू लागले.

"दोघांचे ठोके एकावर एक पडू नयेत, म्हणून म्हणायचो," त्या म्हणाल्या, आणि हलक्या आवाजात, फणीच्या तालावर म्हणू लागल्या:

*एक ठोका तुझा, एक ठोका माझा*
*पत्रा झाला राजा, दोघांमधी*

पलीकडून, गाडीच्या त्या बाजूनं, म्हाताऱ्यांचा जाडाभरडा आवाज आला:

*तुझा हात हलका, माझा हात भारी*
*वळणाची वारी... वळणाची वारी...*

"विसरले!" आजी म्हणाल्या. "इथंच विसरायचे, आणि इथंच यांचा ठोका जास्तीचा पडायचा. लाव गं फणी तिकडे, दिसेल तुला."

मोजणीनं पलीकडे जाऊन फणी लावली. दरवाज्यामागे, वीतभर अंतरावर, खरंच एक बसका ठसा होता. पहिल्या दिवशी तो तिनं मोजला होता आणि पोचा समजून नकाशातून काढून टाकला होता.

*

नवव्या दिवशी सकाळी सातपासून ती संगणकाला चिकटली. उजवी बाजू आता उलटवायची नव्हती, एकेक वळण हातानं बांधायचं होतं. प्रिंटरला चौदा तास लागत. संध्याकाळी पाचला कळ दाबली, तर सकाळी सातला भाग निघणार, धुवायचे, सुकवायचे, घासायचे. अकराच्या आत स्वतः एकदा जुळवून बघायलाही वेळ उरत नव्हता.

पावणेपाचला काका वर आले. पडदा बघितला, डोकं खाजवलं.

"दोन्ही बाजू वेगळ्या? पोरी, आपलं यंत्र अर्धं कोरतं आणि अर्धं उलटवतं. हे पोलादात करायचं, तर उजवी बाजू मला नव्यानं कोरावी लागेल. दुप्पट काम."

"माहीत आहे."

"आणि ही बसेल कशावरून? जुनी बसवता येते. काच घासली की बसते. बसणारी सोडून न बसणारीच्या मागं लागतेस?"

मोजणीचं बोट कळीवर होतं.

"काका, जुनीत ती आजी नाहीये हो," ती म्हणाली, आणि तिनं कळ दाबली.

*

दहाव्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना मोजणी बैठकीच्या खोलीत शिरली, हातात ताट आणि ताटात भाग, अजून ओलसर. बाई बसल्या होत्या. पण टेबलावर एक गाडी आधीच उभी होती.

राखाडी भिंगरी. आठव्या दिवसाची. काच घासलेली, बॉनेटची कड घेतलेली. नीट, सुबक, जुळलेली.

"मी केली," काका खाली बघत म्हणाले. "म्हटलं, असू दे हाताशी. एवढी मेहनत वाया जायला नको."

बाईंनी डोळे मिटले. करंगळीचं नख काचेच्या कडेनं निघालं, बॉनेटवरून फिरलं, दरवाज्यावरून उतरलं, पाठीवर चढलं. कुठंही अडलं नाही. त्यांनी डोळे उघडले, आणि क्वचित दिसणारं ते हसू त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात आलं.

"बसली," त्या म्हणाल्या. "छान. साचा भिंगरीचा."

झालं. हवं होतं ते मिळालं होतं. मोजणीनं फक्त ताट खाली ठेवून 'थँक्यू बाई' म्हणायचं होतं. काकांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या: घे, पोरी. कुणीही कधीही ओळखणार नव्हतं. ओळखू शकणारी जगात दोन माणसं, आणि त्यातल्या एकाच्या डोळ्याला पट्टी.

तिनं ताट हातातच धरलं.

"बाई, ही भिंगरी नाही," ती म्हणाली.

काकांनी कपाळावर हात मारला.

तिनं सगळं सांगितलं. अर्धी मोजून अर्धी उलटवल्याचं, दोन बोटांच्या फरकाचं, अलीकडच्या भारी हाताचं आणि पलीकडच्या हलक्या हाताचं. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, शब्द एकमेकांवर पडू लागले, आणि शेवटी तिनं ताट पुढं ढकललं. "खरी ही आहे. मी अजून जुळवलेली नाही. बसली नाही तर... तर लाल. मी तोंड वाकडं करणार नाही."

"जुळव," बाई म्हणाल्या.

तळ. अंग. बॉनेट टेकलं. मग काच: डावं टोक खाचेत गेलं, उजवं वर राहिलं, एक क्षण, दोन क्षण, आणि मग आपणच घसरून खाली उतरलं. टक्.

एवढासा आवाज. पण काका खुर्चीतून अर्धे उठले.

बाईंनी डोळे मिटले. नख निघालं. काच. बॉनेट. डावा दरवाजा, त्यामागचा बसका ठसा. तिथं नख जरा रेंगाळलं आणि पुढं गेलं. उजवी बाजू. चाकावरच्या भरलेल्या वळणावर चढलं, आणि अडलं.

मोजणी पुढं वाकली.

काका टेबलाला वळसा घालून आले, वाकले, चष्मा कपाळावर सरकवला. "सांधा नाही हा," ते म्हणाले. "प्रिंटरच्या आधारकाडीचं टोक राहिलंय. घाईत राहतं." खिशातला चाकू काढून त्यांनी ते अलगद खरवडलं, फुंकर मारली. "आता फिरवा."

नख पुन्हा निघालं. चढलं, थोडं थांबलं, भरून आलं, ओघळलं. अडलं नाही.

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि गाल जवळजवळ टेबलाला टेकवून समोरून बघू लागल्या. एवढ्या मोठ्या कारखान्याची मालकीण, डोकं टेबलावर, एक डोळा मिटलेला.

"घासलेली तर बसलीच होती," त्या तशाच, आडव्या म्हणाल्या. "गप्प का नाही राहिलीस?"

"लाल गाडी चुकली तर हजार जण आपल्याला सांगतील, बाई. ही चुकली तर सांगायला कुणी नाही. मग आपण जे करू तेच खरं होऊन बसेल. ते नको वाटलं."

"लोक म्हणतील, आमचा साचा वाकडा."

"म्हणतील."

"दुकानदार परत पाठवतील."

"काही पाठवतील," मोजणी म्हणाली. खोटं बोलायचं आज तिच्यात उरलंच नव्हतं.

बाईंनी बोटानं पहिली गाडी किंचित मागे सारली. "ही उभी आहे," त्या म्हणाल्या. मग दुसरीकडे बघत राहिल्या. समोरून पाहिलं तर तिचा उजवा खांदा जरासा पुढं होता, वळण घेताना माणूस झुकतो तसा. "आणि ही निघालीय."

त्या उठल्या, पदर सारखा केला. "जुळणीच्या कागदावर पहिल्याच चित्राशेजारी लिही, कोणती बाजू कुणी ठोकली ते. वाकडी आहे म्हणून पत्रं येतील, त्यांना उत्तरं तू द्यायचीस. एकेकाला. हातानं."

"हजार आली तरी!" मोजणी म्हणाली, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की खालच्या दालनातली यंत्रं थांबवून माणसं जिन्यात आली. तिनं काकांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना गरागरा फिरवलं. "अगं, सोड! गुडघा आहे माझा!" काका ओरडत होते, पण फिरत होते.

तासाभरानं ती खाली गेली, तर काकांनी पोलादाचा नवा ठोकळा यंत्रावर चढवला होता. निळी शाई फासून ते त्यावर सुईनं मधली रेघ ओढत होते, आणि स्वतःशीच कुरकुरत होते, की असलं काम त्यांच्या उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं, लोक सरळ गाड्या का बनवत नाहीत, आणि या वयात दोनदा कोरायचं म्हणजे काय. तिची चाहूल लागताच त्यांनी मान वर केली.

"हं, बोल. डावीपासून धरू?"

"उजवीपासून," मोजणी म्हणाली.

काकांनी सुई रेघेच्या पलीकडे नेली.